एक सांगाडा, अनेक गाड्या

मी राहतो कोपरीत, ठाणे पूर्वेला. नोकरीची बहुतेक वर्षं सकाळी मुंबईच्या उलट दिशेने, बदलापूर-कर्जतच्या लोकलने गेली. चिलखती गाड्यांच्या कामात होतो असं सांगितलं की सोसायटीतले लोक लगेच तोफेबद्दल विचारतात. तोफेशी माझा संबंध फारसा आलाच नाही. माझं काम तोफेच्या खालचं. पोलादी सांगाडा, ज्याला आम्ही कारखान्यात ‘हल’ म्हणतो, तो बांधायचा आणि त्याच एका हलवर जवान नेणारी गाडी, रुग्णवाहिका, मॉर्टरची गाडी, डोझर अशा निरनिराळ्या गाड्या उभ्या करायच्या. कारखान्याचं नाव आणि तिथल्या गाडीचा तपशील मी लिहिणार नाही. ते बंधन मला मनापासून मान्य आहे. पण या विषयातलं जे सगळं उघड आहे, तेही मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. शिवाय आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्याचा या कामात वाटा आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. त्यातल्या चिलखती गाड्यांच्या कंपनीत, म्हणजे आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये, आवडी, मेदक आणि जबलपूरच्या कारखान्यांबरोबर अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीही आहे. तेव्हा या कामाने मला जे शिकवलं, त्यातलं थोडं इथे मांडतो.

1. सामाईक सांगाड्यात सगळ्यात जपावं लागतं ते वजन, आणि तेही अजून गाडीवर न चढलेलं वजन. कॉलेजात आपण एका गाडीचं डिझाइन शिकतो. गरज मोजायची, तेवढी ताकद द्यायची, वर थोडी सुरक्षितता धरायची. इथे पुढच्या वीस-तीस वर्षांत कधीतरी येणाऱ्या गाड्यांचं ओझं आज धरावं लागतं. कोपरीत जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. पाया चार मजल्यांचा असेल तर त्यावर सातवा मजला चढत नाही, हे इथल्या प्रत्येक रहिवाशाला कळतं. हलचं तेच आहे. गाडीचा भार झेलणारे टॉर्शन बार, रोड व्हील आणि पट्टे फिरवणारा फायनल ड्राइव्ह एकदा ठरले की गाडीने जास्तीत जास्त किती वजन पेलायचं हेही ठरून गेलं.

चिलखत वजन किती भराभर खातं, ते आकड्यांतच पाहा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि 10 मिलिमीटर जाड पोलादी प्लेट साडेअठ्ठ्याहत्तर किलोची भरते. गाडीच्या दोन्ही बाजू मिळून अशा वीस चौरस मीटर प्लेटा वाढवायच्या म्हटल्या, तर दीड टनाच्या वर गेलो. आणि आपल्या पायदळाची ‘सारथ’, म्हणजे भारतात बांधलेली बीएमपी-2, सगळी मिळून सुमारे 14 टनांची. सुरुंगापासून जास्त संरक्षण हवं, जास्त दारूगोळा हवा, रात्री दिसणारे कॅमेरे हवेत, थंड हवा हवी. यातली एकही मागणी चुकीची नसते, म्हणून तर ‘नाही’ म्हणणं जड जातं.

आमच्याकडे वजनाचा एक मोठा तक्ता होता. प्रत्येक गाडीचा एक रकाना आणि शेवटी ‘राखीव’ नावाचा एक. बैठकीत सगळ्यांची नजर त्या शेवटच्या रकान्यावर असायची. त्यातले दोनशे किलो आज कुणाला दिले, तर दहा वर्षांनी येणाऱ्या गाडीच्या तोंडचे काढून दिले, आणि ती गाडी तर भांडायला खोलीत हजरही नसते. आमचे प्रमुख त्या गैरहजर गाडीच्या वतीने बोलायचे. त्यांचा आवाज कधी चढला नाही, पण तो रकाना त्यांनी सांभाळला. मुख्य डिझायनरची खरी जबाबदारी कोणती, हे मला त्यांच्याकडे बघून उमगलं.

2. इंजिन कुठे ठेवलं, यावर पुढची सगळी पिढी ठरते. बीएमपीत इंजिन पुढे उजवीकडे, चालक पुढे डावीकडे, मध्ये टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, मागे जवानांची जागा आणि अगदी पाठीमागे दोन दारं. सोव्हिएत अभियंत्यांनी ही मांडणी 1960 च्या दशकात केली ती जवानांना पाठीमागून, गाडीच्या आडोशाने उतरता यावं म्हणून. पण त्या एका निर्णयामुळे मागचा सगळा भाग मोकळा मिळाला. मेदकचा कारखाना 1984 मध्ये सारथसाठी उभा राहिला, आणि त्यानंतर आपल्याकडे त्या मोकळ्या जागेतून काय काय निघालं ते पाहण्यासारखं आहे. टरेट काढून चिलखती रुग्णवाहिका झाली. छतातून मारा करणारी 81 मिलिमीटर मॉर्टरची गाडी झाली. पाण्यातून जाणारा डोझर झाला. अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक हल्ल्यानंतर हवा-मातीची तपासणी करणारी गाडी झाली. तिच्यामागे नगरची व्हीआरडीई, म्हणजे डीआरडीओची वाहन संशोधन संस्था होती. नाग क्षेपणास्त्र वाहणारी ‘नामिका’ही याच घराण्यातली.

याच्या शेजारी विजयंता ठेवून पाहा. आवडीतून पहिला विजयंता रणगाडा 1965 मध्ये बाहेर पडला. त्याचं इंजिन मागे. पुढे जाड चिलखत, मध्ये टरेट, मागे इंजिन, रणगाड्याला हे योग्यच. पण त्यातून माणसं नेणारी गाडी निघणं कठीण, कारण पाठीमागे दार करायला जागाच नाही. म्हणून विजयंताच्या हलवरून जे निघालं ते सगळं वर ठेवण्याजोगं होतं: 130 मिलिमीटर तोफेची ‘कॅटापल्ट’ आणि पूल टाकणारी ‘कार्तिक’. रशियाने 2015 च्या लष्करी संचलनात ‘अर्माटा’ घराणं दाखवलं, त्यातही हा पेच दिसतो. टी-14 रणगाड्याचं इंजिन मागे आहे, तर त्याच घराण्यातल्या टी-15 या जवान नेणाऱ्या गाडीसाठी ते पुढे आणावं लागलं.

हे आराखडे टेबलावर शेजारी शेजारी पसरून मी पुष्कळ वेळा पाहिले आहेत. ज्यांनी पहिली रेघ मारली त्यांच्या मनात रुग्णवाहिका असेलच असं नाही. तरी त्या रेघेने कुठल्यातरी जखमी जवानाला जागा दिली, किंवा नाकारली. पहिली रेघ मारताना माझा हात त्यानंतर नेहमी थोडा थांबला.

3. पाणी गाडीचं वजन बघतं, तसंच ते वजन कुठे आहे हेही बघतं. सारथ उभयचर आहे. पाण्यात ती स्वतःचे पट्टे फिरवत ताशी सुमारे 7 किलोमीटरने पुढे सरकते. 14 टनांची गाडी तरंगायची तर तिने 14 घनमीटर पाणी बाजूला सारलं पाहिजे. हल पोकळ आणि पाणबंद असतो म्हणून ते जमतं. टरेट काढला की गाडी हलकी होते, म्हणजे आणखी सहज तरंगेल, असं कुणालाही वाटावं. पण इंजिन तर पुढेच राहिलं. मधलं वजन गेल्यावर समतोल पुढे सरकतो आणि गाडी नाक खाली घालते. मग रुग्णवाहिकेत बॅटऱ्या, पाण्याची टाकी, ऑक्सिजनचे सिलिंडर कुठे ठेवायचे, हे निम्मं डॉक्टर ठरवतात आणि निम्मं पाणी. डोझरचं याच्या उलट. सारथवरच्या डोझरची पात मागच्या बाजूला असते, त्यामुळे ओझं मागे येतं. हल तोच, आणि दोन गाड्या पाण्यात दोन तऱ्हांनी बसतात.

तरंगण्याची चाचणी बघण्यासारखी असते. क्रेनचे पट्टे सैल ठेवून गाडी हळूहळू पाण्यात सोडतात. बाजूच्या प्लेटवर खडूने रेघा मारलेल्या असतात. कुणीतरी काठावर पालथं पडून पोलादी टेपने पाण्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजतं आणि ओरडून सांगतं, दुसरा ते लिहून घेतो. आत एक जण टॉर्च घेऊन सगळ्या जोडांवर हात फिरवत असतो. हात कोरडा बाहेर आला की तो वर बघून मान हलवतो, तोपर्यंत काठावर कुणी बोलत नाही. एका गाडीची चाचणी झाली म्हणून तिच्या भावंडाची माफ होत नाही. प्रत्येकीला पाण्यात उतरावंच लागतं. संगणकावर सगळं आधी निघालेलं असतं, तरीही.

4. चिलखतात भोक पाडायची परवानगी मिळवणं हे तोफ बसवण्याइतकंच गंभीर काम आहे. हे मला या क्षेत्रात आल्यावरच कळलं. रेडिओच्या अँटेनाची केबल, हीटरचा धूर, विषारी वायू गाळणाऱ्या फिल्टरची नळी, कॅमेऱ्याची वायर, सगळ्यांना बाहेर जायला वाट हवी. कठीण केलेल्या प्लेटवर साधं ड्रिल टिकत नाही. शिवाय प्रत्येक भोक पाण्यासाठी बंद व्हायला हवं आणि वायूसाठीही, कारण रासायनिक हल्ल्यात आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवून विषारी हवा बाहेर रोखतात. मग आम्ही काय करायचो, तर सगळ्या गाड्यांच्या वाटा एकदाच ठरवून सगळ्या हलांवर त्याच जागी भोकं ठेवायची, आणि ज्या गाडीला जे नको तिथे झाकण बोल्ट करायचं. काहींना ही उधळपट्टी वाटायची. वापरात नसलेल्या झाकणाचंही वजन असतंच. पण पुढे रेडिओ बदलले, कॅमेरे वाढले, आणि त्यांना वाट त्या झाकणांखालीच मिळाली.

5. ठाण्याच्या पावसाळ्याने मला धातुशास्त्र शिकवलं. चिलखती पोलाद वेल्ड करताना सगळ्यात मोठी धास्ती हायड्रोजनची. वेल्डिंग रॉडच्या लेपाने हवेतली ओल पकडली की तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. वेल्ड निवतो, डोळ्याला सुंदर दिसतो, आणि एक-दोन दिवसांनी आत तडा जातो. म्हणून तपासणी लगेच करून भागत नाही, 48 तास थांबावं लागतं. जुलैत आपल्याकडे कपाटातले कपडेही दमट लागतात, तिथे वेल्डिंग रॉडची काय कथा. रॉड ओव्हनमध्ये भाजायचे, तिथून गरम ठेवणाऱ्या डब्यात घालायचे आणि वेल्डरने लागतील तसे एकेक काढायचे. डब्याबाहेर राहिलेला रॉड परत ओव्हनमध्ये.

आमच्याकडे कळव्याचे एक वेल्डर होते, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. तपासनीस रजेवर असला तरी त्यांचा डबा कधी उघडा दिसला नाही. एकदा माल वेळेवर द्यायची घाई होती, बाहेर मुसळधार पाऊस, आणि कुणीतरी सुचवलं की ओव्हनची वेळ थोडी कमी करू. काका म्हणाले, “एकच गाडी असती तरी मी केलं नसतं. आणि इथे तर साहेब, यावर सगळ्याच जाणार आहेत ना?” ते बोलून त्यांनी ओव्हनचं दार लावलं. सामाईक सांगाड्याचा धोका एवढ्या नेमक्या शब्दांत मी कुठल्या तांत्रिक अहवालात वाचला नाही. एका गाडीतला दोष एका गाडीपुरता असतो. हलमधला दोष मॉर्टरच्या गाडीत जातो, रुग्णवाहिकेत जातो, अजून कागदावरही न आलेल्या गाडीत जातो.

6. किती टक्के भाग सारखे आहेत, हा प्रश्न मी आता विचारत नाही. कोणते भाग सारखे आहेत, हे विचारतो. सादरीकरणात मोठा टक्का छान दिसतो. पण त्यात नट-बोल्ट, वॉशर, क्लॅम्प धरले की आकडा आपोआप फुगतो. सैन्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते झिजणारे आणि बिघडणारे भाग: पट्ट्याच्या पिना, रबर पॅड, रोड व्हील, हवेचे फिल्टर, स्टार्टर, बॅटऱ्या, पंप. हे सगळीकडे एकच असतील तर वाळवंटात डोझरचा स्टार्टर गेला तरी शेजारच्या रुग्णवाहिकेसाठी आणलेला बसवता येतो. याउलट वर्षानुवर्षं न बिघडणारी एखादी वस्तू प्रत्येक गाडीत वेगळी असली तरी कुणाचं फारसं अडत नाही.

यातला एक बारकावा बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. तोच क्लॅम्प दोन गाड्यांच्या ड्रॉइंगमध्ये दोन वेगळ्या नंबरांनी आला, तर भांडाराच्या लेखी त्या दोन वस्तू आहेत. दोन्ही वेगळ्या मागवल्या जातात, वेगळ्या खणात ठेवल्या जातात, आणि एक खण रिकामा असताना दुसऱ्यातली वस्तू कुणी हातात घेत नाही. सामाईकपणा धातूत असूनही कागदावर हरवतो. नंबर देणाऱ्या विभागाचं काम कारकुनी समजायचं कारण नाही, अर्धी लढाई त्यांच्याच टेबलावर असते.

सैन्याच्या ईएमई, म्हणजे दुरुस्ती-देखभालीच्या शाखेतले एक हवालदार मेकॅनिक प्रोटोटाइप बघायला आले होते. साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. बाकीचे इंजिनची ताकद विचारत होते. हे गाडीभोवती दोनदा फिरले, खाली वाकून ड्रेन प्लग पाहिले आणि मला म्हणाले, “सर, सगळ्या गाड्यांना एकच पाना चालंल का? रात्री बॅटरी लावता येत नाही. हाताला जो पाना लागेल तो बसला पाहिजे.” त्यांच्या त्या प्रश्नानंतर आम्ही बाहेरच्या बाजूच्या बोल्टांची यादी नव्याने काढली आणि मापं कमी केली. माझ्या मते एखादं घराणं खरोखर सामाईक आहे की नाही, ते मेकॅनिकच्या हत्यारांच्या पेटीवरून ठरवावं.

7. सगळ्यांना सगळं देऊ पाहणारा सांगाडा शेवटी कुणालाच मिळत नाही. अमेरिकेचा ‘फ्यूचर कॉम्बॅट सिस्टिम्स’ हा कार्यक्रम मी इतक्या बारकाईने वाचला, की तिथल्या अभियंत्यांबद्दल मला आपुलकी वाटू लागली. एकाच सांगाड्यावर आठ प्रकारच्या गाड्या करायच्या, त्या सी-130 विमानातून नेता याव्यात इतक्या हलक्या हव्यात, आणि तरी जड रणगाड्याइतक्या टिकाव धरणाऱ्या हव्यात. वजन वाढत गेलं, विमानाची अट सुटली, आणि अब्जावधी डॉलर खर्चून 2009 मध्ये त्या गाड्यांचं काम बंद झालं. तिथे हुशारीची किंवा पैशाची टंचाई नव्हती. कोणती मागणी सोडायची हे ठरवायला उशीर झाला, असं मला वाटतं.

त्यांच्याच स्ट्रायकर घराण्याने मात्र खूप काम केलं, कारण त्याची महत्त्वाकांक्षा मर्यादित होती. आठ चाकांची एक गाडी, तिच्यावर जवान, मॉर्टर, रुग्णवाहिका, टेहळणी. तिच्यावर 105 मिलिमीटरची तोफही बसवली. घराण्यातली ती एक गाडी कायम त्रासाची ठरली, आणि तोफ भरणारी यंत्रणा आणि देखभालीचा भार बघून 2021 मध्ये ती काढून टाकायचं ठरलं. जर्मनी आणि नेदरलँड्सच्या ‘बॉक्सर’ने तिसरी वाट धरली. खालचा चालणारा भाग एक, आणि वरचा कामाचा भाग उचलून बदलता येतो, तोही तासाभरात. कल्पना देखणी आहे. पण बदलता येणाऱ्या भागाला स्वतःची भिंत लागते, म्हणजे काही ठिकाणी चिलखत दुहेरी होतं आणि गाडी जड होते. बॉक्सर तीस टनांच्या वरची आहे. जर्मनीच्या सपाट रस्त्यांवर ते चालून जातं. आपल्या सीमेवरचे पूल आणि घाट डोळ्यांपुढे आणले की मला सारथचा साधेपणा जास्त पटतो.

8. वापरणारा आणि बनवणारा यांच्यातलं अंतर किलोमीटरमध्येही मोजावं लागतं. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा करत जो रस्ता जातो तो नगरला, आताच्या अहिल्यानगरला पोचतो. त्या एका शहरात व्हीआरडीई आहे, आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा आहे, आणि 1979 मध्ये उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचं केंद्रही आहे. गाडी आखणारे, चालवणारे आणि तिच्या पोटात बसून जाणारे एकाच गावात चहा पितात, हे मला फार मोलाचं वाटतं. व्हीआरडीई आणि टाटांनी मिळून विकसित केलेली आठ चाकांची ‘व्हॅप’ 2014 च्या डेफएक्स्पो या संरक्षण प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिच्यावरून पायदळासाठी केलेली गाडी एप्रिल 2022 मध्ये पुण्यात लष्कराकडे आली. आणि सप्टेंबर 2025 मध्ये मोरोक्कोत बेर्शीद इथे त्याच व्हॅपचा कारखाना सुरू झाला. नगरला आखलेला सांगाडा आफ्रिकेत बांधला जातो याचा मला आनंद आहे, आणि तो मी लपवत नाही.

गाडी जिथे वापरली जाते तिथूनच कळणारा लडाखचा धडाही इथेच सांगतो. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असतो. इंजिन धापा टाकतं, पाणी लवकर उकळतं, बॅटरी थंडीने मलूल होते. त्याच सांगाड्याला राजस्थानच्या उन्हाळ्यातही धावायचं असतं. घराण्यातल्या सगळ्यात जड आणि सगळ्यात जास्त वीज खाणाऱ्या गाडीसाठी रेडिएटर आणि जनरेटर धरले, तरच बाकीच्या दोन्हीकडे निभावतात.

9. मागणीपत्रात रुग्णवाहिकेचं नाव शेवटी येतं. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. आधी लढणारी गाडी, मग तिला मदत करणारी, मग दुरुस्तीची, मग जखमींना आणणारी, असा तो क्रम लागत जातो. रुग्णवाहिकेची पाळी येईपर्यंत छताची उंची, दाराची रुंदी, विजेचा वाटा, सगळं ठरून गेलेलं असतं.

एका कामात आम्ही प्लायवूडचं पूर्ण मापाचं मॉडेल केलं होतं. आत स्ट्रेचर लावले आणि सैन्यातल्या एका नर्सिंग असिस्टंटला बोलावलं. तिशीचा मुलगा होता, लातूरकडचा. तो आत गेला आणि आमच्यातल्याच एकाला म्हणाला, “सर, जरा आडवे व्हा.” मग त्याने वरच्या स्ट्रेचरवरच्या माणसाच्या मांडीवर दोन्ही हात ठेवून दाब द्यायचा प्रयत्न केला, रक्त थांबवायला देतात तसा. त्याचं डोकं छताला लागत होतं आणि कोपर सरळ होत नव्हतं. खालच्या स्ट्रेचरजवळ गुडघा टेकायला गेला तर पाय सीटच्या ब्रॅकेटमध्ये अडकला. तो तक्रारीच्या सुरात बोललाच नाही. त्याने एवढंच सांगितलं, “गाडी हलत असताना मला एका हाताने धरावं लागतं, म्हणजे कामाला एकच हात राहतो. तो तरी पूर्ण पोचला पाहिजे.” आम्ही सगळे बाहेर उभे राहून बघत होतो. ब्रॅकेटची जागा त्याच संध्याकाळी बदलली. छताची उंची वाढवायला मात्र बराच काळ झगडावं लागलं, कारण तोवर हलची मापं गोठवली गेली होती आणि बाकीच्या गाड्या त्यावर बेतल्या होत्या.

त्या मुलाचा हात पहिल्या आठवड्यातच कुणी मोजला असता, तर ती उंची जवळजवळ फुकटात मिळाली असती. बाकीच्या गाड्यांचंही त्यात भलंच होतं. उंच छताखाली फिरती कमांड पोस्ट बसते, रेडिओचे रॅक बसतात, हेल्मेट घातलेला जवान ताठ बसू शकतो.

सारथची जागा घेणाऱ्या गाडीचा विचार आपल्याकडे बरीच वर्षं चालू आहे. ती गाडी येईल, आणि तिच्या हलवर पुन्हा अनेक गाड्या उभ्या राहतील. त्या कामात आज नगरला, पुण्याला, आवडीला, अंबरनाथला असलेल्या तरुण अभियंत्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांना माझी एक विनंती आहे. जवान नेणाऱ्या गाडीचं प्लायवूडचं मॉडेल ज्या आठवड्यात कराल, त्याच आठवड्यात रुग्णवाहिकेचंही करा, आणि हलची मापं गोठवण्यापूर्वी एका नर्सिंग असिस्टंटला तिच्यात काम करून दाखवायला बोलवा.